बर्फ का पडत नाही? आइस मेकरविषयी वाचकांचे प्रश्न

फ्रीजरमधला आइस मेकर बंद पडला की आधी मनात येते ते अख्खे यंत्र बदलण्याचे. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. यंत्राला थंडी कमी पडत असते, पाणी पोचत नसते, नाहीतर ‘पेटी भरली आहे, थांब’ असा चुकीचा निरोप मिळत असतो. यातले काय झाले आहे ते घरच्या घरी ओळखता येते.

खालच्या उत्तरांत ‘साचा’ म्हणजे ज्यात पाणी गोठते तो भाग आणि ‘पेटी’ म्हणजे ज्यात खडे जमा होतात तो डबा. साचे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. एक धातूचा, अर्धचंद्राकृती खडे करणारा; त्याच्या तळाशी हीटर असतो आणि वर फिरणारी बोटे असतात. दुसरा प्लास्टिकचा ट्रे, जो मोटरने उलटा होतो आणि पिळून खडे खाली टाकतो. तुमच्याकडे कोणता आहे ते आधी बघून घ्या, कारण काही उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. आणि यंत्राच्या आत हात घालण्याआधी फ्रीजचा प्लग काढा. पॅनेलवरचे बटण बंद केले तरी आतल्या तारांत वीज असू शकते.

प्रश्न : परवापर्यंत आइस मेकर व्यवस्थित चालू होता. आता दोन दिवसांत एकही खडा पडला नाही. बाकी फ्रीज ठीक वाटतो. तपासायला सुरुवात कुठून करावी?

उत्तर : साच्यात डोकावून. तुमचे निम्मे निदान तिथेच होते. साचा कोरडा असेल तर अडचण पाण्याची आहे. साच्यात पाणी आहे पण गोठलेले नाही, तर थंडीची. घट्ट बर्फ तयार आहे पण पडत नाही, तर मोटर, हीटर, तापमान मोजणारा भाग किंवा पेटी भरली की यंत्र थांबवणारी तारेची दांडी यांपैकी कशाची तरी.

त्याआधी दोन गोष्टी बघा, त्यांना मिनिटही लागत नाही. यंत्राच्या बाजूची तारेची दांडी वर उचललेली राहिली आहे का? ती वर असली की आइस मेकर बंद असतो. फ्रीजरमध्ये सामान लावताना एखादे पाकीट खालून लागते आणि दांडी वर अडकून बसते. दुसरे म्हणजे पॅनेल. बर्फ बंद करणारे बटण, सुट्टीवर जाताना लावायचा मोड, दुकानात फ्रीज मांडताना वापरतात तो डेमो मोड, यांपैकी काही चुकून लागले आहे का ते पाहा. डेमो मोडमध्ये दिवे आणि पॅनेल चालू दिसतात, पण थंडावा तयार होत नाही.

आता थंडी. फ्रीजरचे तापमान −18 अंश सेल्सिअस असायला हवे. पॅनेलवर दिसतो तो बहुधा तुम्ही ठरवून दिलेला आकडा असतो, आतला खरा नसतो. म्हणून साधा फ्रीजर थर्मामीटर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये दाबून ठेवा आणि रात्रभर दार न उघडता सकाळी वाचा. धातूच्या साच्याला चिकटवलेला थर्मोस्टॅट साचा साधारण −9 अंशांवर आल्याशिवाय मोटर सुरूच करत नाही. फ्रीजरमधली हवाच −10 च्या आसपास असेल तर साचा त्या आकड्यापर्यंत पोचायला तासन्‌तास घेतो, मध्येच कोणी दार उघडले की पुन्हा मागे जातो. पाणी गोठलेले दिसते, खडे मात्र पडत नाहीत. अशा वेळी आइस मेकर निर्दोष असतो.

थंडी कमी पडण्याची नेहमीची कारणे म्हणजे मागच्या किंवा खालच्या कंडेन्सर कॉइलवर (आतली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांवर) साठलेली धूळ, दाराचे सैल झालेले रबर, आणि थंड हवेच्या झडपेसमोर खेटून ठेवलेले सामान. रबर तपासायला दारात कागदाची पट्टी अडकवून ओढा. सहज निसटली तर त्या जागी हवा आत शिरते. चारही बाजूंना, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, हे करून बघा. फ्रीजरच्या मागच्या पत्र्यावर पांढऱ्या हिमाचा थर चढला असेल तर मात्र डीफ्रॉस्टची, म्हणजे साठलेले हिम आपोआप वितळवणारी, व्यवस्था बिघडली आहे. प्लग काढून, दारे उघडी ठेवून पूर्ण दिवस वितळू द्या. त्यानंतर फ्रीजर काही दिवस छान चालला आणि पुन्हा तसाच झाला, तर डीफ्रॉस्ट हीटर, त्याचा सेन्सर किंवा त्याला चालवणारे इलेक्ट्रॉनिक कार्ड यांपैकी एक गेले आहे हे नक्की समजा. ते काम टेक्निशियनचे.

प्रश्न : साचा कोरडा ठणठणीत आहे. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण पाणी येत नाही. फ्रीजच्या दारातून प्यायचे पाणी मात्र येते.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याने काम बरेच सोपे केले. दारातून पाणी जोरात येत असेल तर भिंतीवरचा कॉक, बाहेरची नळी आणि फिल्टर इथपर्यंतचा मार्ग मोकळा आहे. (बारीक धार येत असेल तर आधी फिल्टर तपासा.) उरले ते दोनच: आइस मेकरकडे पाणी सोडणारा, विजेने उघड-बंद होणारा व्हॉल्व्ह आणि त्याच्या पुढची नळी.

नळी आधी बघा. साच्याच्या वरच्या बाजूला मागून एक नळी येते आणि छोट्या पन्हाळीत संपते. टॉर्च मारून तिच्या तोंडात पाहा. पांढरट बर्फाचे बूच दिसेल, किंवा मेणबत्तीवरून मेण ओघळावे तशी बर्फाची ओघळ तोंडाला लोंबत असेल. तसे असेल तर पाणी यायला वाटच नाही. प्लग काढा, पेटी बाहेर घ्या, खाली जाड टॉवेल अंथरा. हेअर ड्रायर मंद आचेवर ठेवून सतत हलवत दहा-पंधरा मिनिटे नळीवर वारा द्या. एकाच जागी धरला तर प्लास्टिक मऊ पडून वाकडे होते. खाली पाणी ठिबकायला लागेल, ते ड्रायरपर्यंत पोचू देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे मोठ्या सिरिंजला बारीक मऊ नळी लावून कोमट पाणी थोडे थोडे आत सोडायचे आणि बाहेर येईल ते स्पंजने टिपायचे. सुरी, स्क्रू ड्रायव्हर किंवा सुई यांपैकी काहीही नळीत घालू नका. नळीला भोक पडले तर पाणी फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्ये मुरते, आणि ते दुरुस्त करता येत नाही.

नळी मोकळी असेल तर व्हॉल्व्हकडे वळा. तो फ्रीजच्या मागे खालच्या बाजूला पत्र्याच्या किंवा पुठ्ठ्याच्या झाकणाआड असतो. दारातून पाणी देणाऱ्या फ्रीजमध्ये बहुधा एकाच ठोकळ्यावर दोन कॉइल असतात, एक पिण्याच्या पाण्यासाठी, एक बर्फासाठी. म्हणूनच एक चालते आणि दुसरे चालत नाही असे होऊ शकते. प्लग काढून, बर्फाच्या कॉइलची जोडणी सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा. कॉइल तुटलेली असेल तर मीटर काहीच वाचन देत नाही. धड असेल तर फ्रीजच्या व्होल्टेजनुसार काही शे ते काही हजार ओहम दिसतात. शंका असेल तर शेजारच्या कॉइलचे वाचन तुलनेला आहेच. कॉइल ठीक असूनही पाणी येत नसेल तर व्हॉल्व्हला वीज पोचते का हे पाहावे लागते. ते चालू विजेवरचे मोजमाप आहे, ज्याला त्याची सवय आहे त्यानेच करावे.

ज्यांच्या दारातूनही पाणी येत नाही, त्यांनी शोध उलट टोकाकडून घ्यावा. भिंतीवरचा कॉक पूर्ण उघडा आहे का, फ्रीज मागे ढकलताना नळी चेपली आहे का, आणि फिल्टर कधी बदलला होता. मुख्य पाइपला नुसते टोचून बसवतात तो सॅडल व्हॉल्व्ह असेल तर संशय सर्वांत आधी त्याच्यावर घ्या. त्याचे भोक इतके बारीक असते की गंज किंवा क्षाराचा एक कण पुरेसा होतो. तो साफ करत बसू नका. प्लंबरकडून तिथे टी आकाराचा जोड टाकून पाव फेरीत उघडणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या, म्हणजे तो त्रास कायमचा जाईल.

प्रश्न : नळीत बर्फ अडकतो म्हणून हेअर ड्रायरने वितळवतो. दोन-तीन आठवडे सगळे सुरळीत, मग पुन्हा तेच. हे चौथ्यांदा झाले. नळीच बदलावी का?

उत्तर : नळी बदलू नका. ती बळी आहे, गुन्हेगार दुसरा आहे.

विचार करा, या नळीत पाणी थांबायलाच नको. व्हॉल्व्ह सात-आठ सेकंद उघडतो, पाणी साच्यात पडते, व्हॉल्व्ह बंद होतो, नळी उताराने रिकामी होते. रिकाम्या नळीत गोठायला काय आहे? तिथे बर्फ होतो याचा अर्थ व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही थेंब थेंब पाझरत आहे. −18 च्या हवेत एक थेंब नळीच्या भिंतीला चिकटतो, तासाभराने त्यावर दुसरा, आणि दोन-तीन आठवड्यांत वाट पूर्ण बुजते. तुमचे वेळापत्रक अगदी पाझरणाऱ्या व्हॉल्व्हचे आहे.

खात्री करून घ्या. प्लग काढा, पाण्याचा कॉक मात्र उघडाच ठेवा. व्हॉल्व्हमधून आइस मेकरकडे जाणारी नळी व्हॉल्व्हजवळ सोडवा आणि त्या तोंडाखाली घडी घातलेला कोरडा टिश्यू पेपर ठेवा. सुरुवातीला नळीत उरलेले दोन थेंब पडतील, ते पुसून नवा कागद ठेवा आणि एक-दोन तास वाट पाहा. फ्रीज तेवढा वेळ बंद राहिला तर दार बंद असताना आतल्या मालाला काही होत नाही. कागदावर ओलसर ठिपका दिसला, अगदी एकच, तरी व्हॉल्व्ह बदला. चांगला व्हॉल्व्ह अजिबात पाझरत नाही.

पण नवा व्हॉल्व्ह आणण्याआधी पाण्याचा दाब मोजा, नाहीतर नव्याचेही तसेच होईल. या व्हॉल्व्हमधला रबरी पडदा नुसत्या स्प्रिंगच्या जोरावर घट्ट बसत नाही. मागून येणाऱ्या पाण्याचा दाबच त्याला जागेवर दाबून धरतो. दाब कमी पडला की पडदा अर्धवट टेकतो. बहुतेक उत्पादक किमान 1.4 बार, म्हणजे 20 पीएसआय, आणि जास्तीत जास्त 8.3 बार, म्हणजे 120 पीएसआय, असा दाब मागतात. काहींची किमान अट याहून वरची असते, म्हणून माहितीपुस्तिकेतला आकडा बघा. दाब पुरेसा असूनही व्हॉल्व्ह पाझरत असेल तर पडद्याखाली वाळूचा किंवा गंजाचा कण अडकला असण्याची शक्यता असते. अशा वेळी नव्या व्हॉल्व्हच्या आधी एक जाळीचा फिल्टर बसवा.

क्वचित व्हॉल्व्ह निर्दोष निघतो. मग तीन गोष्टी पाहा: नळीचा साच्याकडचा उतार कमी झाला आहे का, फ्रीजर −22 किंवा त्याहून खाली लावला आहे का, आणि ज्या मॉडेलांत नळीभोवती छोटा हीटर असतो त्यांत तो जळला आहे का.

प्रश्न : आमच्याकडे पाणी गच्चीवरच्या टाकीतून येते आणि फ्रीजला आरओ प्युरिफायरमधून जोडले आहे. दाब पुरेसा आहे हे कसे कळावे?

उत्तर : टाकीच्या पाण्याच्या पातळीपासून फ्रीजच्या मागच्या जोडणीपर्यंतची उंची मोजा. दर 10 मीटर उंचीला जवळजवळ 1 बार दाब मिळतो. टाकी 4 मीटर वर असेल तर फक्त 0.4 बार. 1.4 बारसाठी 14 मीटर उंची लागते, आणि वाटेतले कोपरे, फिल्टर यांत जो जातो तो वेगळाच. म्हणजे वरच्या मजल्यांवर नुसत्या टाकीच्या भरवशावर आइस मेकर नीट चालणार नाही. आपोआप चालू-बंद होणारा छोटा प्रेशर पंप हाच उपाय आहे.

आरओने अडचण वाढते. त्याच्या साठवण टाकीतला दाब टाकी रिकामी होत जाते तसा उतरतो. सकाळी टाकी भरलेली असताना खडे मोठे येतात आणि स्वयंपाकासाठी पाणी वापरल्यावर बारीक येतात, असे दिसत असेल तर कारण हेच. आरओ जोडलेला असताना फ्रीजमधला स्वतंत्र फिल्टर सहसा लागत नाही. तो काढून त्याच्या जागी बायपास प्लग (फिल्टरशिवाय पाणी पुढे जाऊ देणारे बूच) लावला तर तेवढा अडथळा कमी होतो. तरी भागले नाही तर आरओच्या टाकीनंतर पंप लागेल.

दाब मोजणारे गेज नसेल तर बादलीने अंदाज घ्या. कॉक बंद करा, फ्रीजच्या मागची नळी सोडवून बादलीत धरा, कॉक उघडा आणि मिनिटभर पाणी मोजा. धातूच्या साच्याला एका वेळी साधारण 100 ते 140 मिलिलिटर पाणी सात-आठ सेकंदांत मिळायला हवे, म्हणजे मिनिटाला लिटरभराच्या आसपास. उघड्या नळीतून निदान दीड-दोन लिटर आले पाहिजे. लिटरपेक्षा कमी आले तर आइस मेकरला हात लावू नका, आधी पाण्याची वाट सुधारा.

प्रश्न : खडे पडतात, पण छोटे आणि आतून पोकळ. चमच्याने दाबले तरी फुटतात.

उत्तर : साच्यात पाणी कमी पडते आहे. थोडे पाणी लवकर थंड होते, साचा थर्मोस्टॅटच्या आकड्यावर लवकर पोचतो आणि खड्याचा गाभा गोठण्याआधीच बोटे फिरायला लागतात. म्हणून कड टणक आणि मध्ये पाणी किंवा पोकळी.

पहिला संशयित फिल्टर. तो साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो; क्षार आणि गाळ जास्त असलेल्या पाण्यावर त्याआधीच तुंबतो. चाचणी सोपी आहे: फिल्टर काढून बायपास प्लग लावा आणि एक दिवस बर्फ बघा. खडे मोठे झाले तर फिल्टर गेला. नवा लावल्यावर दारातून 10-12 लिटर पाणी सोडून द्या. नळीतली हवा आणि कार्बनची काळी भुकटी त्यातून निघून जाते. हे न केल्यामुळे ‘फिल्टर नवा लावला आणि बर्फ आणखी बारीक झाला’ अशी तक्रार येते. ती हवा असते.

फिल्टर नसेल किंवा ठीक असेल तर व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी काढून जुन्या टूथब्रशने धुवा. त्यानंतरही फरक पडला नाही तरच धातूच्या साच्याच्या यंत्रावरचा पाणी कमी-जास्त करणारा स्क्रू फिरवा. तो पुढच्या झाकणाखाली असतो आणि बाजूला अधिक-उणे अशी खूण असते. एका वेळी अर्धी फेरी, जास्त नाही; मग बर्फाच्या तीन-चार खेपा पडेपर्यंत थांबा. दाब कमी असताना हा स्क्रू शेवटपर्यंत फिरवून ठेवणे ही वाईट युक्ती आहे. ज्या दिवशी दाब पूर्ववत होईल त्या दिवशी साचा ओसंडून पेटीत पाणी पडेल.

प्रश्न : साच्यात पांढरा शुभ्र, घट्ट बर्फ आहे. पण दोन दिवस झाले, तो तसाच बसून आहे.

उत्तर : धातूचा साचा असेल तर बोटांची जागा बघा. ती बर्फात अर्धवट रुतून थांबली आहेत का? तसे असेल तर मोटर सुरू झाली पण बर्फ सुटला नाही. हीटरने साच्याला लागलेली बर्फाची कड वितळवायची असते, मग बोटे तो ढकलतात. तोपर्यंत ती बर्फाला टेकून दाब देत राहतात आणि हे अगदी नैसर्गिक आहे, म्हणून काही मिनिटे थांबलेली दिसली तर घाबरू नका. तासाभराने तशीच असतील तर हीटर गेला असावा. प्लग काढून हीटरचा रोध मोजा. किती हवा याचे गणित लेबलवरच असते: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. 230 व्होल्टवर 185 वॅटचा हीटर असेल तर साधारण 286 ओहम, 120 व्होल्टवर तेवढ्याच वॅटचा असेल तर 78. मीटरने काहीच दाखवले नाही तर तार आत तुटली आहे.

हीटर ठीक आहे तरी बर्फ सुटत नाही, तर साच्याच्या पृष्ठभागाकडे लक्ष द्या. आतला करडा लेप निघालेला असेल किंवा क्षाराचे पांढरे खरखरीत पुट चढले असेल तर बर्फ त्याला धरून बसतो. पुट असेल तर यंत्र बाहेर काढून, विजेचा भाग कोरडा ठेवून, साच्यात पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात भरून अर्धा तास ठेवा, मऊ ब्रशने घासा, तीनदा धुवा. तारेचा चोथा वापरू नका. लेपच निघालेला असेल तर इलाज नाही, साचा बदलावा लागतो.

बोटे मुळीच हलली नसतील तर मोटर, तिची गिअर किंवा थर्मोस्टॅट. थर्मोस्टॅट बदलताना त्याच्या आणि साच्याच्या मध्ये उष्णतावाहक पेस्ट लावायला विसरू नका. ती नसेल तर मध्ये हवा राहते, साच्याचे खरे तापमान त्याला कळत नाही आणि नवा भागही जुन्यासारखाच वागतो.

पिळणाऱ्या ट्रेची गोष्ट वेगळी. तिथे हीटर नसतो. ट्रेखाली तापमानाचा सेन्सर असतो आणि कार्ड ठरवते कधी उलटायचे ते. यंत्रावर किंवा त्याच्या खाली छोटे टेस्ट बटण असते, ते काही सेकंद दाबून धरले की ट्रे एकदा उलटतो, पिळतो, परत येतो आणि पाणी भरतो. ट्रे व्यवस्थित फिरला तर मोटर आणि गिअर ठीक, सेन्सरवर संशय. घरघर आवाज आला पण ट्रे फिरला नाही तर गिअरचे दात गेले आहेत. एक सावधगिरी: हे बटण लागोपाठ दोनदा दाबू नका. पहिल्या फेरीत भरलेले पाणी दुसऱ्या फेरीत थेट पेटीत ओतले जाते आणि खाली साठलेल्या सगळ्या खड्यांची एक वीट होते.

प्रश्न : पेटी रिकामी आहे, तरी पॅनेलवर ‘पेटी भरली’ असे येते.

उत्तर : तारेची दांडी असेल तर ती पूर्ण खाली येते का, एखादा खडा तिच्या सांध्यात अडकला आहे का, ते बघा. बोटाने हळूच वर-खाली करा. जोर लावला तर आतला प्लास्टिकचा खटका तुटतो.

दांडी नसलेल्या मॉडेलांत पेटीच्या दोन बाजूंना समोरासमोर दोन छोट्या काळसर भिंगांच्या खिडक्या असतात. एकीतून अदृश्य किरण निघतो, दुसरी तो पकडते. किरण अडला की यंत्र समजते पेटी भरली. भिंगावर हिम किंवा पाण्याचे डाग बसले तरी तेच होते. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कपड्याने दोन्ही भिंगे पुसा आणि कोरडी करा. हिम पुन्हा पुन्हा येत असेल तर भिंगाला दोष देऊ नका, दाराचे रबर तपासा. दमट हवा तिथून येते. पेटी वाकडी बसली असली तरी तिची कड किरणात येते.

प्रश्न : पेटीतले खडे एकमेकांना चिकटून गोळा होतात. कधी तळाशी पाण्याचा बर्फ झालेला सापडतो.

उत्तर : या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. नुसता गोळा होत असेल तर बर्फ वापरला जात नाही एवढेच. डीफ्रॉस्टच्या वेळी आणि दार उघडताना खड्यांची कड जराशी सुटते आणि परत गोठताना शेजाऱ्याला धरते. आठवड्यातून एकदा पेटी हलवा, फार दिवस पडलेला बर्फ टाकून द्या. पेटी धुतली तर अगदी कोरडी करून लावा. तळातले दोन थेंब पहिल्या खड्यांना चिकटवून टाकतात.

तळाशी सपाट पापुद्रा असेल तर पाणी ओसंडते आहे. फ्रीजवर पाणसळ ठेवा. बाजूला कललेला असेल तर साच्याच्या एका टोकावरून पाणी पडते. नळीचे तोंड पन्हाळीबाहेर सरकले आहे का तेही बघा. हे दोन्ही ठीक असताना पाणी पडत असेल तर तो मगाचाच पाझरणारा व्हॉल्व्ह.

प्रश्न : बर्फ विरघळल्यावर ग्लासात पांढरे कण राहतात. हे प्यायला चालते का? आणि बर्फाला वास येतो.

उत्तर : कण बहुधा कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात. पाणी गोठताना ते क्षारांना बाहेर ढकलते, ते मध्यभागी एकवटतात आणि बर्फ वितळला तरी लगेच विरघळत नाहीत. पिण्यायोग्य पाण्याचा बर्फ असेल तर त्यांनी काही बिघडत नाही. कार्बन फिल्टरने ते थांबत नाहीत. काळे कण असतील तर फिल्टरची भुकटी असू शकते, करडे चकचकीत पापुद्रे असतील तर साच्याचा लेप निघतो आहे. तो बर्फ वापरू नका.

वास बर्फ शोषून घेतो. उघडे अन्न झाका, पेटी खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, जुना सगळा बर्फ टाका.

प्रश्न : आमच्या फ्रीजला पाण्याची जोडणी नाही. खालच्या कप्प्यातल्या टाकीत पाणी भरतो. टाकी भरलेली असूनही बर्फ होत नाही.

उत्तर : टाकी काढून पुन्हा खटक्याचा आवाज येईपर्यंत आत ढकला. थोडी बाहेर राहिली तरी पाणी ओढले जात नाही. टाकीत छोटा फिल्टर आणि पाणी ओढणारा सुट्टा होणारा भाग असतो. तो उघडून धुवा, त्यात बुळबुळीत थर साचतो. टाकी आठवड्यातून एकदा धुवावी. तिच्यात फक्त साधे पिण्याचे पाणी भरा. सरबत किंवा गरम पाणी कधीच नाही. साखरेने पंप आणि नळी दोन्ही चिकट होतात, आणि आतली नळी काढून धुता येत नाही.

प्रश्न : सगळे तपासले, मोटरच गेली आहे. सुटा भाग घ्यावा की पूर्ण यंत्र? आणि ते घरी बसवता येते का?

उत्तर : मोटर आणि गिअर गेली असेल तर पूर्ण यंत्र घ्या. सुटी मोटर मिळाली तरी आतले गिअर आणि खटके तेवढेच झिजलेले असतात. फक्त व्हॉल्व्ह, थर्मोस्टॅट किंवा दांडी खराब असेल तर तेवढेच बदला. मॉडेल क्रमांक फ्रीजच्या आतल्या भिंतीवरच्या लेबलवरून जसाच्या तसा, शेवटच्या अक्षरापर्यंत, लिहून घ्या. सारख्या दिसणाऱ्या यंत्रांची जोडणी आणि व्होल्टेज वेगळे असू शकते.

धातूच्या साच्याचे यंत्र बसवणे अवघड नाही. प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा. बहुतेकांत वरचे दोन स्क्रू फक्त सैल करायचे असतात आणि खालचा एक पूर्ण काढायचा. यंत्र वर उचलले की खाचेतून सुटते. ते लगेच ओढू नका, मागे वायरची जोडणी असते, तिचा खटका दाबून ती सोडवा. नवे लावताना पन्हाळी आणि दांडी जुन्या यंत्रावरून काढून घ्यावी लागते का ते आधी बघा, बरेचदा नव्याबरोबर ती येत नाहीत. पाण्याच्या नळीचे तोंड पन्हाळीत नीट बसले आहे याची खात्री करून मगच स्क्रू घट्ट करा.

नंतर धीर धरा. कॉक उघडा, प्लग लावा, फ्रीजर −18 वर येऊ द्या. पहिला बर्फ पडायला 24 तासही लागू शकतात. त्यानंतर एक खेप साधारण दीड ते तीन तासांनी पडते. पहिल्या तीन खेपा टाकून द्या, त्यांत नव्या नळीचा आणि प्लास्टिकचा वास असतो. दुसऱ्या दिवशी फ्रीजच्या मागे, प्रत्येक जोडणीखाली, कोरडा कागद फिरवून बघा. ओला झाला तर ती जोडणी पुन्हा बसवा आणि त्यानंतरच फ्रीज भिंतीला लावा.